दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ



भारताने संसदीय पद्धत सोडून अध्यक्षीय पद्धत घ्यावी का, हा प्रश्न दर दहा-पंधरा वर्षांनी डोके वर काढतो. मग एक गट वॉशिंग्टनचा दाखला देतो, दुसरा लंडनचा, आणि ऐकणारा बिचारा मधल्या अटलांटिकमध्ये गटांगळ्या खातो. मी आज सुरुवात त्या दोन्ही शहरांपासून लांब, आपल्याकडच्या नगरपरिषदेच्या सभागृहातून करणार आहे. कारभाराचा प्रमुख थेट लोकांनी निवडायचा, हा अध्यक्षीय पद्धतीचा गाभा. तो महाराष्ट्राने खालच्या पातळीवर करून पाहिला, टाकून पाहिला आणि पुन्हा उचलला आहे. २०१६ साली नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आली, २०१७ साली सरपंचही थेट झाला. २०२० साली महाविकास आघाडीच्या सरकारने दोन्ही तरतुदी काढल्या. २०२२ साली शिंदे-फडणवीस सरकारने दोन्ही परत आणल्या. सहा वर्षांत तीनदा फिरलेल्या या चक्रामागे राज्यशास्त्राचा विचार किती होता, याबद्दल मला शंका आहे. ज्याला चेहऱ्यावर मते मिळतील असे वाटते तो थेट निवडणूक आणतो. ज्याची भिस्त वॉर्डावॉर्डातल्या माणसांवर असते तो ती काढतो. पण हेतू काहीही असो, प्रयोग हा प्रयोग असतो आणि त्याचे निष्कर्ष वापरायला हरकत नसावी.

या प्रयोगात जे वारंवार दिसले ते असे. नगराध्यक्ष एका पक्षाचा निवडून येतो, सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पक्षाचे येते. दोघांनाही त्याच गावाने, त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रात मते दिलेली असतात. सर्वसाधारण सभा भरते. अध्यक्षस्थानी नगराध्यक्ष. विषयपत्रिकेवर जलवाहिनीच्या निविदेचा विषय असतो. तो पुकारला जाताच बहुमतातला एक सदस्य उठून विषय तहकूब ठेवण्याची सूचना मांडतो, दुसरा अनुमोदन देतो. नगराध्यक्ष म्हणतात, सूचना नियमात बसत नाही. सदस्य म्हणतात, मतदान घ्या. सभा आटोपते, आणि पंधरा दिवसांनी इतिवृत्त हाती येते तेव्हा नेमका ठराव काय झाला यावरच वाद लागतो. मग कोणीतरी कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे धाव घेतो. नगरपरिषद अधिनियमातल्या या कलमान्वये जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. दोन्ही बाजूंना हे कलम तोंडपाठ असते. अधिनियमातली बाकीची कलमे तितकी असतीलच असे नाही. पाण्याचा नळ आणि निविदेची फाइल या दोन्हींचा निकाल शेवटी अशा अधिकाऱ्याच्या टेबलावर लागतो, ज्याला गावातल्या एकाही माणसाने मत दिलेले नाही.

नगराध्यक्ष सदस्यांनी निवडलेला असता तर ही कोंडी फुटण्याचा रस्ता सभागृहातच होता. बहुमत फिरले की अध्यक्ष बदलला असता. थेट निवडलेल्याला मात्र सदस्य म्हणतात, तुम्ही आमच्यामुळे नाही. तोही म्हणतो, बरोबर, म्हणूनच तुम्ही मला काढू शकत नाही. सरपंचाच्या बाबतीत कायद्याने ही तटबंदी आणखी उंच केली. थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध अविश्वास ठराव आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत आणि त्यावर ग्रामसभेची मोहोरही हवी. स्थैर्य मिळाले हे खरे. पण गावात स्थिर सरपंच आणि स्थिर विरोधी बहुमत असे दोन्ही एकदम स्थिर झाले की ग्रामसेवक आणि गटविकास अधिकारी हेच काय ते हलत्या अवस्थेत उरतात.

यातून मी जो मुद्दा उचलतो तो आजच्या व्याख्यानाचा कणा आहे. दोन लोकनियुक्त सत्ता एकमेकींना अडवून बसल्या आणि त्यांचा वाद सोडवण्याची जागा सभागृहात नसली, की निर्णय बिननिवडणुकीच्या तिसऱ्याकडे जातो. नगरपरिषदेत हा तिसरा जिल्हाधिकारी असतो, देशात न्यायालय असते, आणि दैव फिरले तर लष्कर असते. पण पुढचे वाक्यही तितकेच महत्त्वाचे आहे. सभागृह दुसऱ्याही एका मार्गाने गोठते. तिथला सदस्य पक्षाच्या आज्ञेने इतका जखडला जातो की त्याच्या मताला अर्थ उरत नाही. तेव्हाही निर्णय तिसऱ्याकडेच जातो. आपल्याकडे संसदीय पद्धतीला आज जो आजार आहे तो या दुसऱ्या प्रकारचा आहे. अध्यक्षीय पद्धतीचे समर्थक लक्षणे अचूक सांगतात. औषध मात्र पहिल्या प्रकारच्या आजाराकडे नेणारे देतात.

आधी सत्ताविभाजनाची व्याख्या जरा साफ करून घेऊ, कारण या शब्दाने खूप गोंधळ घातला आहे. माँतेस्क्यूने १७४८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्यासमोर आदर्श होता इंग्लंडचा. कायदे करणारे, ते राबवणारे आणि न्याय देणारे वेगळे असावेत, हे त्याने इंग्लंड बघून सांगितले. अमेरिकेच्या राज्यघटनाकारांनी ते शब्दशः मनावर घेतले. आणि गंमत अशी की १८६७ साली वॉल्टर बॅजट याने त्याच इंग्लंडच्या व्यवस्थेचे मर्म नेमके उलटे सांगितले: कार्यकारी सत्ता आणि कायदेमंडळ यांचा जवळजवळ संपूर्ण मिलाफ, आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणजे मंत्रिमंडळ. तेव्हा संसदीय पद्धतीत सत्ताविभाजन नाही असे म्हणणे अर्धे खरे आहे. न्यायपालिका वेगळी असते. आपल्या राज्यघटनेचे कलम ५० तेच सांगते. राम जवाया कपूर खटल्यात १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आपल्या घटनेने हे तत्त्व कडक स्वरूपात स्वीकारलेले नसले तरी शाखांची कामे पुरेशी वेगळी केलेली आहेत. पण कायदेमंडळ आणि सरकार यांच्यामध्ये संसदीय पद्धतीत भिंत नसते, एक बारीक रेघ असते. ही रेघ सभागृहाच्या मधोमध, सत्ताधारी आणि विरोधी बाकांच्या दरम्यान, आखलेली आहे असे समजणे चूक आहे. ती सत्ताधारी बाकांच्या पोटातून जाते: पुढच्या रांगेतले मंत्री एका बाजूला, मागच्या रांगेतले साधे सदस्य दुसऱ्या बाजूला. मागच्या रांगेतला सदस्य सरकारचा पाठीराखा असतो, नोकर नसतो. सत्ताविभाजन टिकते ते या रेघेवर, आणि पुसले जाते तेही तिथेच.

घटना समितीत ही निवड डोळे झाकून झाली नाही. वसाहतीची सवय म्हणून आपण ब्रिटिश पद्धत उचलली, असे आजही बेधडक सांगितले जाते. सवयीचा भाग होताच. कन्हैयालाल मुन्शी यांनी तो उघडपणे मांडला होता. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बाबतीत ही कथा जास्त गुंतागुंतीची आहे. १९४७ साली त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हा आराखडा तयार केला. त्यात त्यांनी संसदीय नसलेले मंत्रिमंडळ सुचवले होते: कायदेमंडळाची मुदत संपेपर्यंत हटवता न येणारे, ज्याचा पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने निवडावा आणि ज्यात अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्यांच्या त्यांच्या सदस्यांनी निवडून द्यावेत. हे वॉशिंग्टनपेक्षा स्वित्झर्लंडच्या जास्त जवळचे. त्यामागचा तर्क भेदक होता. इंग्लंडमधले बहुमत राजकीय असते, ते बनते आणि मोडते. भारतातले बहुमत जन्माने ठरलेले असू शकते. ज्या समाजाला कधीच बहुमतात यायचे नाही, त्याच्या हातात अविश्वासाचा ठराव देऊन काय उपयोग?

हेच आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडायला उभे राहिले तेव्हा संसदीय पद्धतीची बाजू घेतात. लोकशाही सरकारला स्थैर्य आणि उत्तरदायित्व दोन्ही हवे, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकी आणि स्विस पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत उत्तरदायित्व जास्त, आणि मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकते माप दिले आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय. अध्यक्षीय पद्धतीत सरकारची परीक्षा ठरावीक वर्षांनी होते. संसदीय पद्धतीत ती त्याशिवाय रोजही होते: प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अभिभाषणावरची चर्चा, अविश्वासाचा प्रस्ताव. दोन वर्षांच्या आत झालेला हा बदल काहींना माघार वाटतो. मला तो जुन्या शंकेचे नवे उत्तर वाटतो. अल्पसंख्याकाला मंत्रिमंडळात कायमची खुर्ची मिळणार नसेल, तर निदान रोज सकाळी प्रश्न विचारण्याची जागा पक्की हवी. प्रा. के. टी. शहा यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संपूर्ण सत्ताविभाजनाची दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. पण कार्यकारी सत्ता सभागृहाला गिळून टाकेल ही त्यांची भीती आज वाचताना जुनी वाटत नाही.

पुढे या मागणीचे सूर बदलले. आणीबाणीत १९७५ साली राज्यघटनेचा नव्याने विचार सुचवणारे एक निनावी टिपण दिल्लीत फिरले. त्याच्याशी बॅ. अंतुले यांचे नाव जोडले जाते. त्यात थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष तर होताच, शिवाय न्यायपालिकेवर एक उच्च परिषद होती, आणि तिच्या प्रमुखपदी कोण, तर तोच राष्ट्राध्यक्ष. म्हणजे अमेरिकेचा अध्यक्ष हवा होता, अमेरिकेची काँग्रेस आणि अमेरिकेचे न्यायालय नको होते. स्वर्णसिंग समितीने संसदीय पद्धतच ठेवावी असे सांगितले आणि तो विषय तिथे थांबला. ऐंशीच्या दशकात वसंत साठे यांनी तो पुन्हा, आणि अधिक प्रामाणिकपणे, मांडला. तरीही ही मागणी तपासताना एक खूण लक्षात ठेवावी: मागणारा बळकट अध्यक्षाबद्दल किती बोलतो आणि त्याला नाही म्हणणाऱ्या सभागृहाबद्दल किती.

आता बाहेरचा पुरावा. स्पॅनिश राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझ याने १९९० साली मांडलेला मुद्दा आपल्या नगरपरिषदेच्या सभेतून सहज समजतो: अध्यक्ष आणि कायदेमंडळ दोघेही म्हणतात, लोक आमच्या बाजूने बोलले, कोण खरे हे ठरवणारे लोकशाही तत्त्वच उरत नाही. चिलीत १९७० साली साल्वादोर अयेंदे सुमारे ३६ टक्के मतांवर अध्यक्ष झाले. काँग्रेसमध्ये बहुमत विरोधकांचे. २२ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या कनिष्ठ सभागृहाने सरकार घटनाभंग करत असल्याचा ठराव केला. पंतप्रधान असता तर सरकार त्या ठरावाने पडले असते आणि निवडणूक लागली असती. अध्यक्ष पडत नव्हता. तीन आठवड्यांनी, ११ सप्टेंबरला, लष्कराने निकाल लावला. शेजारच्या श्रीलंकेत १९७८ पासून संसद आणि बलाढ्य अध्यक्ष एकत्र नांदतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये अध्यक्ष सिरिसेना यांनी पंतप्रधान विक्रमसिंघे यांना काढून महिंदा राजपक्षे यांना नेमले. संसदेत बहुमत जमेना म्हणून संसदच विसर्जित केली. त्या नोव्हेंबरात सभापतींना पोलिसांच्या कड्यातून सभागृहात यावे लागले आणि सदस्यांनी खुर्च्यांबरोबर मिरचीपूडही फेकली. कोंडी फोडली ती सर्वोच्च न्यायालयाने, डिसेंबरात. चिलीत तिसरा म्हणजे लष्कर होते, श्रीलंकेत न्यायालय. दुसरा केव्हाही बरा. पण दोन्ही ठिकाणी उत्तर सभागृहाबाहेरून आले.

इथे एक भक्कम आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. दक्षिण कोरियाचे काय? ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष यून यांनी मार्शल लॉ जाहीर केला. सैनिक संसद भवनात शिरत होते. सदस्य कुंपणावरून उड्या टाकून आत पोचले. ३०० पैकी १९० जण जमले आणि सगळ्यांनी मार्शल लॉ उठवण्याच्या बाजूने मत दिले. त्यात अध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचे १८ सदस्य होते. ४ एप्रिल २०२५ रोजी घटनात्मक न्यायालयाने यून यांना पदावरून काढले. अध्यक्षीय पद्धत लोकशाही बुडवते असे सरसकट म्हणणाऱ्याला ही रात्र पुरेसे उत्तर आहे, आणि मी तसे म्हणतही नाही. पण त्या रात्री लोकशाही वाचली ती नेमकी कशामुळे? कुंपणावरून उडी टाकणाऱ्या त्या १८ जणांना आपल्या नेत्याविरुद्ध मत देता आले म्हणून. पद्धत कोणती यापेक्षा सत्ताधारी पक्षातला सदस्य स्वतःच्या पायावर उभा होता का, हा प्रश्न निर्णायक ठरला. तोच आपण आपल्या विधानभवनाला विचारून पाहू.

त्याआधी अमेरिकेबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तिच्याबद्दल आपण गरजेपेक्षा जास्त बोलतो. ती दोन शतकांहून अधिक चालली हे खरे. ती चालण्यामागे सैल पक्ष हे मोठे कारण होते. अध्यक्षाच्या पक्षाचा सदस्य विरोधात आणि विरोधी पक्षाचा बाजूने मत देत असे, म्हणून दोन कौलांची टक्कर निभावली. तिथले पक्ष आता आपल्यासारखे घट्ट होत चालले आहेत आणि परिणाम समोर आहेत. २०१८-१९ मध्ये अर्थसंकल्पाच्या भांडणात केंद्र सरकारचे कामकाज ३५ दिवस अंशतः बंद होते, २०२५ मध्ये ४३ दिवस. आपल्याकडे खर्चाची मागणी फेटाळली गेली तर सरकार जाते, कचेरी बंद होत नाही.

आता घरचा हिशेब. १९६७ साली हरियाणात गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द आपल्याला मिळाला. त्यावर १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली, दहावे परिशिष्ट आले. पक्ष सोडला किंवा पक्षाचा आदेश म्हणजे व्हिप मोडून मत दिले की सदस्यत्व गेले. एक तृतीयांश फुटले तर मात्र चालत होते. २००३ साली ९१ व्या दुरुस्तीने ती सूट गेली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली. किरकोळ विक्रीला बंदी, घाऊक विक्रीला परवाना, असे या कायद्याचे वर्णन झाले. मधु लिमये सुरुवातीपासूनच त्याच्या विरोधात होते. पण विक्रीपेक्षा मोठे नुकसान वेगळे आहे. व्हिप फक्त विश्वासदर्शक ठरावावर लागत नाही. तो विद्यापीठाच्या विधेयकावर लागतो, जमिनीच्या विधेयकावर लागतो, कुठल्याही विषयावर लागतो. आमदार मतदारसंघातल्या शेतकऱ्याला सांगतो, मला पटत नव्हते हो, पण व्हिप होता. हे वाक्य खरे असते, आणि तेच वाईट आहे. मघाशी सांगितलेली रेघ या एका तरतुदीने पुसली गेली.

त्या बदल्यात स्थैर्य तरी मिळाले का? महाराष्ट्राचा २०१९ ते २०२४ हा काळ पाहा. एका विधानसभेने तीन मुख्यमंत्री पाहिले. त्यांतल्या पहिल्याचा शपथविधी पहाटे झाला आणि चौथ्या दिवशी राजीनामा. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, ३० जूनला एकनाथ शिंदे यांनी शपथ घेतली, ४ जुलैला १६४ विरुद्ध ९९ असा विश्वासदर्शक ठराव झाला. संसदीय पद्धतीत इथे विषय संपायला हवा. इथे तो सुरू झाला, कारण पक्षाला दोन प्रतोद होते आणि कोणाचा व्हिप खरा यावर सगळे अडले. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने सांगितले की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चूक होते, शिंदे गटाचा प्रतोद नेमणे बेकायदा होते. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही, आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी घ्यावा. अध्यक्षांनी तो १० जानेवारी २०२४ रोजी दिला. दोन्हींकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. तोवर निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि चिन्ह कोणाचे हेही ठरवून टाकले होते. राज्यपाल, आयोग, न्यायालय, अध्यक्ष. या चौघांत तुमचा कौल कोणाच्या बाजूने आहे हे मी विचारत नाही. मला दिसते ते एवढेच की सभागृहाने मत दिल्यानंतर दीड वर्ष सभागृहाबाहेरचे लोक, आणि खुर्चीवर बसलेला एक सदस्य, त्या मताचा अर्थ लावत बसले.

जून-जुलै २०२२ च्या त्याच आठवड्यांत लंडनमध्ये काय चालले होते ते शेजारी ठेवून बघावे. ६ जून २०२२ रोजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यावर त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी गुप्त मतदान घेतले. २११ बाजूने, १४८ विरोधात. ते तरले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मंत्र्यांचे राजीनामे एकामागून एक पडू लागले आणि ७ जुलैला त्यांनी पक्षनेतेपद सोडत असल्याचे जाहीर केले. कोणाला हॉटेलात न्यावे लागले नाही, कोणाचे सदस्यत्व गेले नाही, कोणी न्यायालयात गेले नाही, पक्षाचे नाव आणि चिन्ह जागच्या जागी राहिले. पद्धत तीच, संसदीय. फरक मागच्या रांगेतल्या सदस्याच्या मोकळेपणात आहे. २००३ साली इराक युद्धाच्या मतदानात पंतप्रधान ब्लेअर यांच्या पक्षाच्या १३९ खासदारांनी बंडखोरी केली. सरकारही टिकले आणि बंडखोरांच्या जागाही.

सभागृह असे जखडले की कार्यकारी सत्ता त्याच्या डोक्यावरून चालू लागते, आणि याची सर्वांत झणझणीत नोंद पुण्यात झाली आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले संशोधक डी. सी. वाधवा बिहारमधील जमीनधारणेचा अभ्यास करत होते. राज्याची राजपत्रे चाळताना त्यांना दिसले की तिथे अध्यादेश संपतच नाहीत. मुदत संपत आली की तोच अध्यादेश पुन्हा काढायचा, विधानसभेत न्यायचाच नाही. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढले गेले. कधी एकाच दिवशी पन्नासच्या आसपास. ऊस पुरवठा आणि खरेदीचा एक अध्यादेश जवळपास १४ वर्षे जगला. वाधवांनी १९८३ मध्ये पुस्तक लिहिले, मग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८६ साली न्यायालयाने या प्रथेला राज्यघटनेशी केलेली फसवणूक म्हटले. इथेही कोण धावून आले पाहा: एक अभ्यासक आणि न्यायालय. बिहारच्या विधानसभेतल्या सत्ताधारी सदस्यांनी चौदा वर्षांत आपल्या सरकारला तो अध्यादेश सभागृहासमोर आणायला भाग पाडले नाही. हे दहाव्या परिशिष्टाच्या आधीचे आहे, हे मी मान्य करतो. तेव्हा दाव्याची हाव नको. व्हिपचा कायदा हे एकमेव कारण नाही. पण त्याने जुनी गुलामी नियमात बसवली.

आजचे आकडे फार बोलके आहेत. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. २०१८ आणि २०२३ मध्ये सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या लोकसभेने चर्चेविना मंजूर केल्या. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. उपाध्यक्ष सतराव्या लोकसभेला मिळालाच नाही. आंबेडकरांनी रोजच्या परीक्षेसाठी स्थैर्य काही अंशी सोडून दिले होते. परीक्षाच रद्द होत गेली तर आपण स्थैर्यही दिले आणि उत्तरदायित्वही, अशी गत होते.

मग अध्यक्षीय पद्धतच का नको, असे कोणी विचारेल. तिथे निदान खासदार सरकार टिकवण्याच्या ओझ्यातून सुटेल. तर्क चांगला आहे, पण तो पक्षांना विसरतो. व्हिपची सवय लागलेले पक्ष अध्यक्षीय पद्धतीत गेले की दोन शक्यता उरतात. अध्यक्ष आणि बहुमत एका पक्षाचे असेल तर सभागृह आजच्यापेक्षाही मुके होईल. अविश्वासाचा धाकही नाही. वेगळ्या पक्षांचे असेल तर नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा दिल्लीत भरेल. ऑगस्ट २०२३ मध्ये मणिपूरवर अविश्वासाचा प्रस्ताव आला. तो पडणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण त्यामुळे पंतप्रधानांना सभागृहात येऊन उत्तर द्यावे लागले. राष्ट्राध्यक्षावर असा प्रस्ताव आणता येत नाही. इस्राएलने १९९६ पासून पंतप्रधान थेट निवडून पाहिला. लोक पंतप्रधानाला एक मत आणि छोट्या पक्षाला दुसरे मत देऊ लागले. दोन मोठे पक्ष मिळून १९९२ साली १२० पैकी ७६ जागांवर होते, १९९९ साली ४५ वर आले. २००१ मध्ये त्यांनी ती पद्धत मोडीत काढली. आपण सरपंचाच्या बाबतीत त्याच रस्त्यावर ये-जा करतो आहोत.

मागच्या रांगेला मोकळे केले तर बाजार पुन्हा भरेल, हा शेवटचा आणि खराखुरा आक्षेप. तो निम्मा लागू पडतो. सरकार पाडणाऱ्या मताला किंमत असते, आणि तिथे व्हिप ठेवावा. पण विधेयकावरच्या मताने सरकार पडत नसेल तर ते विकत घेऊन कोणाला मुख्यमंत्री होता येईल? त्याचा भाव आपोआप उतरतो. १९९० साली दिनेश गोस्वामी समितीने हेच सुचवले होते: व्हिप मोडल्याची अपात्रता विश्वासाच्या मतापुरती आणि अर्थविषयक विधेयकांसारख्या मोजक्या बाबींपुरती ठेवा. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मणिपूरच्याच एका खटल्यात सुचवले. तिसऱ्याचे काम तिसऱ्यालाच, पण नियमात आणि मुदतीत. हे सगळे करायला राज्यघटना फिरवून बांधायची गरज नाही. व्हिपच्या बदलासाठी तर दहाव्या परिशिष्टाच्या दुसऱ्या परिच्छेदातल्या एका उपखंडात दोन ओळी घालाव्या लागतील, एवढेच. अशासकीय विधेयकाने ते होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेले नाही. ते सरकारनेच आणावे लागेल, आणि मतदानाच्या दिवशी सकाळी सत्ताधारी पक्षाचा व्हिप निघेल.